मधली खोली

बाबा हाका मारत होते आणि सुचित्राला त्या ऐकू आल्या नाहीत. घडलं ते एवढंच. ती मागे स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, बाबा पुढच्या खोलीत खाटेवर होते, आणि दोघांच्या मध्ये घरमालकांचा कापूस होता. ताट घेऊन ती बोळातून वळसा घालून पुढच्या खोलीत आली, तेव्हा चादर ओली झालेली होती आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. किती वेळ हाका मारत होतात, असं तिनं विचारलं तर म्हणाले, असू दे. आवाज बसला होता, म्हणजे बराच वेळ मारत असणार. तिनं चादर बदलली. धोतर बदलायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं, घट्ट धरलं, आणि मग सोडून दिलं. लेकीनं बापाचं धोतर बदलावं, ही वेळ त्यांनी आयुष्यात कधी मनात आणली नसणार. त्यांनी डोळे मिटून घेतले. तिनंही होता होईल तो दुसरीकडे बघत काम उरकलं. ताटातली भाकरी वातड झाली, ती कोणी खाल्ली नाही.

घर विमलताईंचं. आर्णीच्या बसस्टँडच्या मागच्या बाजूला, पुढचा अर्धा भाग त्यांचा आणि मागच्या अंगाला रांगेत तीन खोल्या सुचित्राच्या. तहसील कचेरीत बदली होऊन आली तेव्हा विमलताईंनी खोल्या दाखवायच्या आधी दारातच अट सांगून टाकली होती. दिवाळीला शेतातला कापूस घरी आला की मधली खोली कापसाची. विकला की परत तुमची. भाडं कमी होतं ते त्यासाठीच. मधल्या खोलीची दोन्ही बाजूंची दारं बंद करून फटींत गोणपाट कोंबायचं, कापूस वरच्या झरोक्यापर्यंत रचायचा, आणि तो असेपर्यंत मागच्या स्वयंपाकाच्या ओट्याखेरीज कुठे काडी ओढायची नाही. मग सुचित्रा मधल्या खोलीतले देव उचलून पुढच्या खोलीत आणायची आणि निरांजन मात्र मागे ओट्यावर लावायची. दोन-अडीच महिने देव एका खोलीत आणि त्यांचा दिवा दुसऱ्या. पहिल्या वर्षी तिला याचं हसू आलं होतं. एकट्या बाईला तीन खोल्या करायच्यात काय, असं ती तेव्हा म्हणाली होती आणि विमलताईंनीही मान डोलावली होती. कागदबिगद काही झाला नाही. विमलताईंनी हातावर गुळाचा खडा ठेवला आणि करार झाला. सहा वर्षं तो दोघींनी पाळला. थंडीत तर तिला तो कापूस आवडायचाही. घराला एक ऊब असायची, आणि बसस्टँडचा गलका मागच्या खोलीपर्यंत पोचायचाच नाही. कापूस आवाज पितो हे तिला माहीत होतं. तो बाबांचा आवाजही पिईल, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दरवर्षी संक्रांतीच्या आसपास एक दिवस ट्रॅक्टर येई, खोली रिकामी होई, आणि सुचित्रा दिवसभर झाडत बसे. कोपऱ्याकोपऱ्यातून सरकी निघे. यंदा शिवरात्र झाली तरी ट्रॅक्टर आला नव्हता. भाव नव्हता. कापूस खरेदी केंद्रावर गाड्या दिवसचे दिवस उभ्या, आणि उभ्या राहून माप झालं तरी हातात पडेल ते वेचणीलाही पुरणार नाही, असं विमलताईंचे यजमान घनश्यामभाऊ बोळात उभे राहून सांगत असत. सांगताना ते सुचित्राकडे बघत नसत, मधल्या खोलीच्या भिंतीकडे बघत. ते साल सगळ्यांनाच तसं गेलं. कचेरीच्या पायऱ्यांवर नवरा गेलेल्या बाया मांडीवर मूल घेऊन बसून असत, आणि त्या कशासाठी बसल्या आहेत ते सुचित्रा घरी येऊन बाबांना सांगत नसे. अशा साली कोणाला म्हणायचं की तुमचा कापूस हलवा? कापूस हलवायचा म्हणजे विकायचा, नाहीतर आपल्या उरावर घ्यायचा. त्यांच्या पुढच्या भागात एक बैठकीची खोली होती, पण त्यांची सोनू लग्नाची होती आणि पाहुणे त्याच खोलीत येऊन बसत. हे सगळं सुचित्रा मनातल्या मनात विमलताईंच्या बाजूनं बोलत असे. स्वतःच्या बाजूनं बोलायला गेली की तिच्यापाशी दोनच वाक्यं निघत. मोरी त्या खोलीला लागून आहे. आणि खिडकी फक्त त्याच खोलीला आहे.

बाबा मार्गशीर्षात आले होते. ढाणकीच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती आणि त्यानंतरही ते तिथेच एका खोलीत भाड्यानं राहत होते, हातानं करून खात. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, हे त्यांचं म्हणणं त्यांनी तोंडानं कधी बोलून दाखवलं नाही, फक्त पाळलं. तिनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तिचं घर हे लेकीचं घर धरायचं की नाही, याबद्दलही त्यांच्या मनात काहीतरी घोळ असावा. छाती भरून यायला लागली, जिना चढवेना, तेव्हा तिनं जाऊन त्यांना आणलं. पहिल्या दिवशी खाटेवर बसून त्यांनी विचारलं ते एवढंच, की मी आलो आहे हे मालकांना सांगितलंस का. म्हणजे ते दोनदा पाहुणे होते, लेकीच्या घरी आणि लेकीच्या मालकांच्या घरी. बाबा, म्हणजे शाळेतले नीळकंठ गुरुजी, जन्मभर भाड्याच्या घरात राहिले आणि कुठल्याही मालकाला त्यांनी तोंड वर करून बोलायला जागा ठेवली नाही. भिंत दुसऱ्याची म्हणून त्यांनी कधी खिळा ठोकला नाही. त्यांच्या घरी कॅलेंडर फळीला टेकवून ठेवलेलं असे, आणि बारा महिने ते वाऱ्यानं तोंडघशी पडत असे. सुचित्रा आणि तिची आई मालक जेवायला बसले की हळू बोलत. मालकांची मुलं अंगणात खेळत असली की आपण खेळायचं नाही, त्यांनी बोलावलं तर जायचं. ‘भाड्याचं घर अन् खाली कर’ असं कोणी नुसतं चेष्टेत म्हटलं तरी बाबांचा चेहरा पडायचा. हे सगळं तिला शिकवलं गेलं नव्हतं, ते अंगात भिनलं होतं, जसं इतर मुलांच्या अंगात पोहणं भिनतं. चव्वेचाळिसाव्या वर्षीही ती विमलताईंच्या ओट्यावरून जाताना चप्पल हातात घ्यायची, आणि विमलताई दर वेळी हसायच्या.

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की यांना मोकळी हवा द्या, ही रुई छातीत जाऊ देऊ नका. दाराच्या फटीतून गोणपाटाला न जुमानता कापसाचे तंतू यायचे आणि बाबांच्या भुवयांवर बसायचे. सकाळी ती ओल्या फडक्यानं पुसायची. मोरीला न्यायचं तर बाबांना उठवून, खांद्याचा आधार देऊन बोळातून फिरवून न्यावं लागे. बोळ ओबडधोबड, वाटेत पाण्याचा ड्रम. पोचेपर्यंत ते इतके दमत की मग तिथेच भिंतीला धरून उभे राहत. कचेरीतल्या भैरवीनं, जिच्याशी ती थोडंफार मनातलं बोलायची, घरातली पूजेची घंटा आणून दिली. हाक मारायला जमत नसेल तर वाजवतील म्हणाली. बाबांनी ती उशीखाली ठेवली आणि एकदाही वाजवली नाही. मालकांना वाटेल आरती चाललीय, म्हणाले. भैरवीला हे सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. अगं, पण विमलताईंना एकदा विचारायला काय होतं, तुला तोंड दिलंय ना देवानं? सुचित्रा म्हणाली, विचारते.

विचारायचं वाक्य तिनं तयार केलं. कचेरीत जाताना, येताना, आवक-जावकेच्या नोंदी करताना ती ते मनात म्हणून बघायची. विमलताई, बाबांसाठी मधली खोली हवी होती. ‘होती’ म्हटलं की मऊ वाटत होतं, पण मग ते इतकं मऊ वाटे की समोरच्याला ऐकूच येणार नाही. हवी आहे. हे उद्धट वाटे. मिळाली तर बरं होईल. यात भीक होती. भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणायची, आणि म्हणून झाल्यावर स्वतःही भिडेनं गप्प बसायची. एका संध्याकाळी सुचित्रा वाक्य ओठांवर घेऊन विमलताईंच्या दारात गेली. विमलताई ओट्यावर तूर निवडत होत्या. बसा मॅडम, म्हणाल्या, आणि आत सोनूला चहा ठेवायला सांगितलं. मग स्वतःच बोलू लागल्या. दारव्ह्याकडचे, बोरी अरबचे लोक सोनूला बघून गेले, पसंतीही कळवली, पण तारीख कापसावर अडली आहे. घनश्यामभाऊ केंद्रावर भावाची चौकशी करून हात हलवत परत आले. दोन घास जेवले आणि बोळात जाऊन उभे राहिले, मधल्या खोलीच्या भिंतीला हात लावून. विमलताई म्हणाल्या, “माणूस घरात असल्यावर त्याले जेवू घालाव लागते मॅडम. हा कापूस तं काही खात नाही, तरी त्याच्याच काळजीनं जीव खाऊन राह्यला.” सुचित्रानं चहा प्याला. बशी उलटी ठेवली. बाबांची तब्येत विमलताईंनी विचारली, आणि तिनं बरी आहे म्हणून सांगितलं.

मग तिनं दुसरं घर बघून पाहिलं. भैरवीच्या ओळखीनं एका ठिकाणी गेली, दोन खोल्या, खिडक्या, मोरी आत, सगळं. घरमालक चांगले बोलत होते. वडील आजारी आहेत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, अंथरुणावर आहेत का. हो म्हटल्यावर ते म्हणाले की आमच्याकडे यंदा लग्न आहे, घरात काही कमीजास्त झालं तर... त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही आणि तिनंही त्यांना ते पूर्ण करायला लावलं नाही. उलट तीच म्हणाली, बरोबर आहे तुमचं. रस्त्याला लागल्यावर तिला स्वतःचा इतका संताप आला की ती उभी राहिली. बरोबर आहे तुमचं! जन्मभर हेच. आपल्याला दारातून परत पाठवणाऱ्याचंही बरोबर असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि मारणाऱ्याचा हात दुखला का, ते विचारायचं. तिला आईचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या कापसाचा. मधल्या खोलीत तो निवांत पडला होता. त्याला श्वास घ्यायचा नव्हता, मोरीला जायचं नव्हतं, आणि त्याला कोणी विचारत नव्हतं की तू कधी जाणार. त्या दिवसांत बाबांना थोडा भ्रम होऊ लागला होता. दुपारी ग्लानीत पडले की ते दाराच्या फटीकडे बघत राहत आणि विचारत, आतल्या लोकांचं जेवण झालं का. आत कोणी नाही बाबा, कापूस आहे. ते समजल्यासारखं करत आणि हळू आवाजात म्हणत, त्यांना त्रास होईल असं बोलू नको. आपण मागून आलो आहोत. तिनं एकदा रागानं दाराला तळहात लावून ढकललं. दार जरा आत गेलं आणि कापसानं ते हळूच परत बाहेर लोटलं. ती तिथेच जमिनीवर बसून रडली, आवाज न करता, कारण बाबा दोन हातांवर होते.

होळीनंतरच्या रविवारी दुपारी विमलताई वाटीत शिरा घेऊन आल्या. सोनूच्या लग्नाची सुपारी फुटली होती, कापूस विकला नाही तरी मुलाकडचे थांबायला तयार झाले होते. एरवी त्या बोळातून स्वयंपाकघराशी यायच्या आणि तिथूनच परत जायच्या. बाबा आल्यापासून पुढच्या खोलीत त्यांचं येणं झालं नव्हतं, मॅडमचे वडील मोठे माणूस, गुरुजी, उगाच कशाला, अशी त्यांची त्यांची एक भीड होती. त्या दिवशी सुचित्रा बाबांना मोरीवरून परत आणत होती. ड्रमपाशी बाबांचा पाय लटपटला आणि ते तिच्या अंगावर रेलले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, तोंड उघडं, आणि खालच्या ओठाला रुईचा एक धागा चिकटलेला. विमलताईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मोरीच्या दाराकडे पाहिलं, मग मधल्या खोलीच्या भिंतीकडे. वाटी ड्रमच्या झाकणावर ठेवून त्यांनी बाबांना दुसऱ्या बाजूनं धरलं, खाटेवर आणून बसवलं, आणि दारात येऊन घनश्यामभाऊंना हाक मारली.

“काहून नाही सांगतलं मॅडम?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी का कापूस उरावर घेऊन जाणार आहो का?”

 मग सुचित्रानं जे केलं त्याची तिला पुढे किती तरी दिवस लाज वाटत राहिली. घनश्यामभाऊ किल्ली घेऊन आले, रजत, त्यांचा मोठा मुलगा, गाठोडी बांधायला चादरी घेऊन आला, तेव्हा ती दाराच्या आडवी उभी राहिली. नको म्हणाली. आपलं ठरलं होतं, खोली कापसाचीच ठरली होती, कापूस विकेपर्यंत तुमची, तुमचा माल खराब होईल, पाहुणे कुठे बसतील. ती त्यांच्या बाजूनं त्यांच्याशीच भांडत होती, बाप मागे डोळे मिटून, भान हरपून धापा टाकत असताना. घनश्यामभाऊ किल्ली हातात घेऊन गोंधळून थांबले. विमलताईंनी तिला खांद्याला धरून बाजूला केलं.

“ठरलं होतं ते तवाचं,” त्या म्हणाल्या. “तवा कापूस जात होता, अन् तुमचे वडील इथं नव्हते. सरका आता.”

उन्हं कलायच्या आत खोली रिकामी झाली. चादरीच्या गाठोड्यांतून, पोत्यांतून, नुसत्या कवेतून कापूस पुढच्या बैठकीत गेला. सोनूनं ओढणीनं तोंड बांधून झाडून घेतलं, विमलताईंनी फरशी दोनदा पुसली, घनश्यामभाऊंनी दिवाळीपासून बंद असलेली खिडकी बुक्की मारून उघडली. पलीकडच्या कडुनिंबाला नवी पालवी होती आणि हवा आत आली. इतकं सोपं होतं. अडीच महिने बाबांनी जे सोसलं ते एका दुपारचं काम होतं. सुचित्राला कोणाचे आभारही मानता येईनात. ती नुसती या गाठोड्याला हात लाव, त्या गाठोड्याला हात लाव, असं करत राहिली. विमलताई कळवळून बोलल्या ते खरंच होतं, पण मार्गशीर्षात, भावाची आशा असताना विचारलं असतं तरी त्या अशाच म्हणाल्या असत्या का? हे आता कोणालाच कळणार नव्हतं. विचारलं असतं तरच कळलं असतं.

बाबांना खाटेसकट आत आणलं. ते खिडकीकडे बघत राहिले. घनश्यामभाऊ दारातून म्हणाले, गुरुजी, आरामात राहा, आणि गेले. बाबांनी सुचित्राला जवळ बोलावलं. आता काय विचारणार ते तिला माहीत होतं.

“मालकांना विचारलंस का?”

“हो,” ती म्हणाली.

“तू विचारलंस?”

“मीच विचारलं.”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. शाळेत एखाद्या मागच्या बाकावरच्या मुलानं अवघड गणित सोडवून दाखवलं की ते असे बघायचे. मग म्हणाले, “कसं विचारलंस?”

“सकाळी गेले त्यांच्याकडे. म्हटलं, विमलताई, बाबांना मधली खोली हवी आहे.”

“असं सरळ?”

“सरळ.”

“मग त्या?”

“त्या म्हणाल्या, एवढंच ना. घ्या की.”

बाबांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. श्वास अजून लागत होता, पण घरघर कमी झाली होती. “उमरखेडला होतो ना आपण,” ते म्हणाले, “तिथे वर गच्ची होती. तुझी आई तिच्या त्या शेवटच्या उन्हाळ्यात रोज म्हणायची, रात्री वर झोपू या, खाली जीव घाबरा होतो. जिना मालकांच्या माजघरातून होता. मी म्हटलं, बरं दिसत नाही.” त्यांनी दम घेतला. “गच्ची रिकामीच असायची.” सुचित्राला उमरखेडचं घर आठवत होतं, पण ती गच्ची आठवत नव्हती. आईनं तिच्यापाशी कधी गच्चीचं नावही काढलं नव्हतं. तिनं बाबांचा हात हातात घेतला. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं, वाईट याचं वाटत होतं की ते खरं करायला तिच्याकडे इतके दिवस होते.

“परत सांग,” बाबा म्हणाले.

“काय?”

“कसं विचारलंस ते.”

तिनं परत सांगितलं. त्यानंतर रोज दिवसातून एकदा तरी ते विचारत, आणि ती सांगे. सांगता सांगता त्यात थोडी थोडी भर पडत गेली. विमलताई तूर निवडत होत्या, मी उभ्यानंच विचारलं, आवाज जरासुद्धा कापला नाही. बाबा डोळे मिटून ऐकत आणि शेवटच्या वाक्याला मान हलवत. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं नाही. दुपारीही विचारलं नाही. श्वास फार सावकाश चालला होता आणि बोटं गार पडत होती. सुचित्रा खाटेच्या कडेला बसली, त्यांच्या कानाशी वाकली आणि आपणहून सांगायला लागली. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. तिनं शेवटपर्यंत सांगितलं.